बासष्ट टक्के

रिपोर्टमधला एकच आकडा आम्हाला वाचता आला. 'ईएफ ६२%'. बाकी सगळे मिलिमीटर आणि इंग्रजी शब्द. नारायणगावला आईचा इको काढून आम्ही बाहेर आलो होतो. अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "बासष्ट म्हणजे फर्स्ट क्लास की. तू बारावीला एवढेच पाडले होते."

आई हसली. हसता हसता मध्येच थांबली, श्वास घेतला आणि उरलेलं हसली.

तो मधला श्वास मी पाहिला होता. तरी मी पण त्या बासष्टला धरून बसले. शंभरपैकी बासष्ट, काय वाईट आहे?

आमचं गाव बेल्हे. जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला, कल्याण-नगर रस्त्यावर. सोमवारचा बाजार आणि त्यातला बैलबाजार यासाठी लोकांना माहीत असलेलं गाव. अप्पांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारी, तांब्याची तार, वार्निशचा वास, आणि दाराशी कायम पडलेले दोन-चार फुटबॉल.

शहरातल्या मैत्रिणींना हे समजावून सांगावं लागतं. विहिरीत सोडलेल्या पाइपच्या अगदी खालच्या टोकाला एक व्हॉल्व्ह असतो. कंपनीच्या भाषेत फूट व्हॉल्व्ह, आमच्याकडे सरळ फुटबॉल. काम एकच : पाणी वर जाऊ द्यायचं, खाली येऊ द्यायचं नाही. तो गळायला लागला की मोटार बंद केल्यावर पाइपातलं पाणी हळूहळू विहिरीत उतरतं. मग पुढच्या वेळी मोटार नुसती गरगर फिरते, पाणी ओढत नाही. शेतकरी मोटारीला शिव्या देत दुकानात येतो. अप्पा मोटारीकडे बघतसुद्धा नाहीत. म्हणतात, "आधी फुटबॉल वर काढ."

पुढे काय झालं ते सांगायचं तर अप्पांच्या दुकानावाचून सांगता येणार नाही, म्हणून हे आधी सांगितलं.

*

२०२२ ची दिवाळी. मी पुण्यात नोकरीला, चार दिवस घरी आले होते. आई दोन उशा घेऊन झोपत होती. मी विचारलं तर म्हणाली, "पित्त वर येतं गं आडवं झालं की." रात्री दोन-अडीचला ती उठून ओट्यावर बसायची. आमच्याकडे शेतीची लाइट बऱ्याचदा रात्रीची असते. अप्पा पाणी भरायला जायचे तेव्हा बॅटरी घेऊन आई सोबत जायची. उसात बिबट्या असतो, एकट्याने जायचं नाही हा इकडचा नियमच. त्या वर्षी ती बांधापर्यंत जायची आणि तिथेच बसायची. अप्पांना वाटायचं, राखण करतेय.

ती बसत होती, कारण तिला चालवत नव्हतं.

मला तिचं काहीच दिसलं नाही असं म्हणणं खोटं होईल. मला सगळं सुटं सुटं दिसत होतं. फोनवर बोलताना वाक्य तुटायचं, मला वाटायचं रेंज गेली. कांद्याच्या लागणीत ती मागे राहायला लागली, मला वाटलं वय झालं. तिचं वय एकावन्न होतं.

गावाकडच्या एका डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी दमा म्हणून तोंडात मारायचा पंप दिला. दोघांनाही दोष देण्यात अर्थ नाही. ती प्रत्येकाला वेगळीच तक्रार सांगायची, आणि 'दमते' हा शब्द कुणालाच सांगायची नाही. तिसऱ्या डॉक्टरांनी मात्र स्टेथोस्कोप छातीवर ठेवला, मग डाव्या काखेकडे सरकवला आणि बराच वेळ तिथेच ठेवला. म्हणाले, "झडपेचा आवाज आहे. काखेपर्यंत ऐकू येतोय. इको करा."

म्हणून तो इको आणि म्हणून ते बासष्ट टक्के. त्याखाली 'सिव्हिअर एमआर' असंही लिहिलं होतं. ते आम्हाला कळलं नाही, म्हणून आम्ही वाचलं नाही.

*

डिसेंबरात एका रात्री तिला अचानक प्रचंड धाप लागली. झोपता येईना, खोकल्याबरोबर फेस यायला लागला. आळेफाट्यावरून अँब्युलन्स घेऊन नाशिक रस्त्याने पहाटे पुण्यात पोचलो. मंचर, राजगुरुनगर, चाकण. एरवी एसटीत झोपून काढायचे ते थांबे त्या रात्री मी एकेक करून मोजले.

फुप्फुसात पाणी साठलं होतं. इंजेक्शनांनी ते उतरवल्यावर दोन दिवसांनी हृदयाच्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून घेतलं. अप्पांनी आधी तो नारायणगावचा कागद पुढे केला. "साहेब, बासष्ट टक्के होतं. मग असं कसं?"

डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागद उलटा केला आणि मागे चित्र काढायला घेतलं.

हृदयाच्या डाव्या बाजूला दोन कप्पे. वरच्यात फुप्फुसांकडून शुद्ध रक्त येतं, खालचा ते सगळ्या अंगाला ढकलतो. दोघांच्या मध्ये जी झडप आहे ती मायट्रल. मराठीत तिला द्विदल झडप म्हणतात. हरभऱ्याच्या दाण्यासारखी दोन दळं. या दळांच्या कडांना बारीक दोऱ्या असतात आणि त्या खालच्या कप्प्यातल्या स्नायूंना बांधलेल्या असतात, म्हणजे दाब आला तरी दळं उलटी फिरत नाहीत. आईच्या मागच्या दळाची एक दोरी तुटली होती. दळ सैल होऊन वर फडफडत होतं. दळ आधीपासून ढिलं असणार, दोरी ताणत ताणत शेवटी त्या रात्री तुटली.

"आता तुमचे बासष्ट टक्के," डॉक्टर म्हणाले. "खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती टक्के बाहेर पडलं, तो हा आकडा. शंभर कुणाचाच नसतो. निरोगी माणसाचासुद्धा साधारण पंचावन्न ते सत्तरच्या मधे असतो. पण हा आकडा फक्त किती पडलं ते सांगतो. कुठे पडलं ते सांगत नाही. आईंच्या त्या बासष्टमधलं जवळपास निम्मं पुढे अंगात जात नव्हतं. मागे, फुप्फुसांकडे परत जात होतं."

अप्पा गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मोटार जोरात फिरतेय, आणि पाणी विहिरीतच पडतंय."

"बरोबर. आणि मागे ढकलणं सोपं असतं, तिकडे दाब कमी. त्यामुळे स्नायू थकला तरी आकडा चांगलाच दिसतो. म्हणून अशा गळतीत साठच्या खाली आला की आम्ही हृदय कमजोर झालं असंच धरतो."

मग त्यांनी आम्ही न वाचलेला एक मिलिमीटरचा आकडा दाखवला. कप्पा पूर्ण आकसल्यावर त्याची रुंदी किती उरते, तो. चाळीस झाला की लक्षणं नसली तरी ऑपरेशनचा विचार करायचा. आईचा एकेचाळीस होता. तिला तर लक्षणंही होती, ती फक्त आमच्या हिशेबात नव्हती.

मी त्या रात्री वॉर्डच्या बाहेर बसून मोजत राहिले. पहाटे उठून गाईची धार, दोघांचे डबे, शेत, दुकानातल्या माणसांचा चहा, संध्याकाळी पुन्हा धार, रात्री लाइट आली की बॅटरी. आम्ही सगळे म्हणायचो, आई दणकट आहे. किती काम होतंय ते आम्हाला दिसत होतं. त्यासाठी ती आतून किती जास्तीचं ढकलत होती, ते कुणी मोजलं नव्हतं.

*

पहिल्यांदा भेटलेल्या सर्जननी झडप बदलायचा सल्ला दिला. त्यांचं म्हणणं स्वच्छ होतं. बदललेल्या झडपेचं काम खात्रीचं. धातूची घातली तर झिजत नाही, पण तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यायची आणि त्यासाठी रक्त तपासत राहायचं. जनावराच्या ऊतीपासून केलेली घातली तर गोळी जन्मभर लागत नाही, पण ती दहा-पंधरा वर्षांत झिजू शकते.

अप्पांनी विचारलं, "दुरुस्त नाही होत?"

आम्ही दुसरं मत घ्यायला गेलो ते या एका प्रश्नामुळे. चाळीस वर्षं दुरुस्ती करत आलेला माणूस 'बदलून टाका' हे पहिल्या झटक्यात ऐकत नाही. या वेळी ती खोड कामाला आली. मागच्या दळाची दोरी तुटलेली असेल तर झडप वाचवणं हाच बहुतेक वेळा चांगला मार्ग असतो, मात्र हात सरावाचा हवा. दुसऱ्या सर्जनना मी फोनवर टाइप करून नेलेले प्रश्न विचारले. अशा किती झडपा तुम्ही दुरुस्त करता? जमलं नाही तर काय? त्यांना राग आला नाही. म्हणाले, "दर आठवड्याला करतो. पण शब्द देणार नाही. उघडल्यावर दिसेल ते खरं."

त्याआधी त्यांनी घशातून नळी घालून आतल्या बाजूने एक इको केला. अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीशी असते, त्यामुळे झडप स्पष्ट दिसते. स्क्रीनवर ती फिरवून वरून दाखवली. गोल तोंड, पुढचं दळ, मागचं दळ, आणि मागच्या दळाचा मधला भाग ठोक्यागणिक शिड फुगावं तसा वर उसळत होता. रंग चालू केले तेव्हा त्याच फटीतून रंगीबेरंगी झोत उलटा फेकला जात होता. अप्पा स्क्रीनजवळ जाऊन म्हणाले, "चामडं शाबूत आहे. नुसती कड सुटलीय."

सर्जन म्हणाले, "मलाही तसंच वाटतंय."

केशरी रेशनकार्डावर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन बसलं. मंजुरी यायला थोडे दिवस गेले. त्या दिवसांत शेजारच्या खाटेवरची मुलगी आमच्या घरातली झाली.

ती आंबेगावच्या पश्चिमेची, भीमाशंकरच्या बाजूची. एकोणीस वर्षांची. लहानपणी घसा धरला, मग गुडघे-घोटे सुजले, ताप आला, बरा झाला. हा संधिवाताचा ताप. घशातल्या जंतूंशी लढता लढता शरीर आपल्याच झडपांवर उलटतं. असा ताप एकदा येऊन गेला की तो परत येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायचं असतं, वर्षानुवर्षं. स्वस्त असतं, दुखतं फार. तिचं मध्येच सुटलं होतं. तिचीही झडप तीच आणि गळतच होती, पण दळं जाड होऊन आखडली होती, दोऱ्या एकमेकींना चिकटल्या होत्या. तिच्यात शिवायला धड कापडच उरलं नव्हतं. तिला धातूच्या चौकटीत हलणाऱ्या चकतीची चित्रा झडप बसणार होती. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत ती तयार झाली, १९९० च्या डिसेंबरात पहिल्यांदा माणसात बसवली, आणि परदेशी झडपा न परवडणाऱ्या कितीतरी घरांना तिने हात दिला.

तिच्या आईने एका संध्याकाळी माझ्या आईला हळूच विचारलं, "लग्नाचं कसं व्हायचं हो हिच्या?" प्रश्न नुसता लोक काय म्हणतील याचा नव्हता. रक्त पातळ करायची ती गोळी गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत पोटातल्या बाळाला इजा करू शकते. गोळी थांबवली तर झडप अडकू शकते. दिवस राहण्याच्या आधीच डॉक्टरांशी बोलून सगळं ठरवावं लागतं. एकोणीस वर्षांच्या मुलीने हे कुणाला सांगायचं, सासरी की माहेरी?

आईने तिला काही उपदेश केला नाही. तिची वेणी घालून दिली.

*

ऑपरेशनच्या आदल्या रात्री झोप येईना म्हणून मी मोबाइलवर वाचत बसले, आणि जे सापडेल ते अप्पांना सांगत बसले.

मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९५० च्या दशकात झडपांच्या शस्त्रक्रिया केल्या. १९६८ मध्ये देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण करणारे तेच. त्या सुरुवातीच्या काळात धडधडत्या हृदयात बोट घालून, नुसत्या स्पर्शाने, चिकटलेली झडप मोकळी करायचे. पण बोटाने अरुंद झडप उघडता येते, गळकी झडप बंद करता येत नाही. तिच्यासाठी हृदय थांबवून, उघडून, डोळ्यांनी बघावं लागतं. म्हणजे तेवढा वेळ रक्त फिरवणारं यंत्र हवं. अमेरिकेत जॉन गिबन यांनी ते १९५३ मध्ये यशस्वीपणे वापरलं, आणि मग हा रस्ता खुला झाला.

१९६० मध्ये अल्बर्ट स्टार या सर्जननी कृत्रिम मायट्रल झडप बसवली. पिंजऱ्यात एक गोळी. दाब आला की गोळी तोंडावर बसते, वाट बंद. त्यांच्यासोबत ती बनवणारा लॉवेल एडवर्ड्स डॉक्टर नव्हता, इंजिनिअर होता. विमानांसाठी इंधनाचे पंप बनवून निवृत्त झालेला.

"पंपवाला?" अप्पा उठून बसले. "मग बरोबर. गोळीचा फुटबॉल बसवला त्याने."

आणि पॅरिसचे अलां कार्पेंटिए. त्यांनी झडप बदलायच्या ऐवजी दुरुस्त करायची पद्धत बसवली. गळतीचं कारण काय ते आधी नीट ओळखायचं : दळ सैल आहे, आखडलं आहे, की तोंडच रुंद झालं आहे? मग जिथे बिघाड तिथेच हात घालायचा. १९८३ मध्ये त्यांनी हे सगळं सविस्तर मांडलं. अप्पा म्हणाले, "दुसरं काय करायचं असतं? आधी फुटबॉल वर काढून बघायचा."

संमतीच्या कागदावर लिहिलं होतं : मायट्रल झडप दुरुस्ती, न जमल्यास बदल. आईने सही केली. तिची सही मी खूप वर्षांनी पाहत होते, प्रत्येक अक्षर सुटं.

*

सकाळी साडेसातला तिला नेलं. आत काय झालं ते सर्जननी नंतर सांगितलं, ते असं.

रक्त यंत्रावर वळवलं. पोटॅशियमचं थंड द्रावण देऊन हृदय थांबवलं. मागच्या दळाचा सैल तुकडा त्रिकोणी कापून कडा जोडल्या. तुटलेल्या दोरीच्या जागी गोअरटेक्सचा धागा बांधला. त्याची लांबी मिलिमीटरमध्ये ठरवावी लागते. लांब राहिला तर गळती तशीच, आखूड झाला तर दळ खाली ओढलं जाऊन पुन्हा गळती. सैलावलेल्या तोंडाभोवती एक कडं शिवलं. मग खालच्या कप्प्यात सलाइन जोराने भरून पाहिलं. झडप मिटली, थेंब आला नाही.

हृदय पुन्हा सुरू केलं, यंत्रावरून उतरवलं, घशातल्या नळीने पाहिलं. आणि झोत दिसला. पहिल्यापेक्षा लहान, पण होता.

बाहेर आम्हाला एवढंच कळलं की दिलेली वेळ उलटून गेलीय. दाराशी निरोप आला, "अजून वेळ लागेल." अप्पा जिन्यावर जाऊन बसले. मी त्यांच्याकडे गेले नाही, कारण गेले असते तर दोघं रडलो असतो.

सर्जननी तिला दुसऱ्यांदा यंत्रावर घेतलं होतं. धागा थोडा लांब राहिला होता. सलाइनने भरलेलं थांबलेलं हृदय आणि दाबाखाली धडधडणारं हृदय यात फरक असतो. पहिल्यात मिटलेली झडप दुसऱ्यात उघडी पडू शकते. धागा आखडला. पुन्हा सुरू केलं. या वेळी औषध देऊन रक्तदाब मुद्दाम वाढवला, कारण भुलीत दाब उतरलेला असतो आणि गळती आहे त्यापेक्षा कमी दिसते. दाब चढवूनही झडप टिकली, तेव्हा छाती बंद केली.

अप्पांनी हे सगळं ऐकलं आणि सर्जनना म्हणाले, "बादलीत सगळेच फुटबॉल पाणी धरतात, साहेब. विहिरीत सोडल्यावर कळतं."

सर्जन आठ-नऊ तास उभे होते. तरी ते हसले.

*

घरी आल्यावर छातीचं हाड जुळेपर्यंत दोन-तीन महिने वजन उचलायचं नाही, असं सांगितलं होतं. हंडा नाही, पाटी नाही, गाईची धार नाही. आम्हाला वाटलं, आईला हे जड जाईल. जड आम्हाला गेलं. तिची कामं वाटून घेताना कळलं की ती तीन माणसांना पुरत नाहीत. धार अप्पा काढायला लागले. दुकानातली पोरं चहा टपरीवर प्यायला लागली. मी दोन महिने घरून काम केलं आणि रात्री बॅटरी घेऊन बांधावर जायला लागले. तिथे अंधारात बसलं की उसाची पानं वाजतात, आणि धाप लागलेली नसतानासुद्धा छाती धडधडते. ती इथे धाप लागलेली असताना बसायची.

तीन महिन्यांनी पुन्हा इको. गळती नाममात्र. पण आता मी कागद नीट वाचायला शिकले होते आणि माझ्या पोटात गोळा आला. ईएफ ५४%.

"बासष्टचे चोपन्न झाले," मी डॉक्टरांना म्हणाले. "हृदय कमजोर झालं का?"

"झालं तेवढं आधीच झालं होतं," ते म्हणाले. "मागची वाट बंद झाल्यावर आकडा थोडा उतरतोच. पण आता जे चोपन्न आहेत ते सगळे पुढे जातात. औषधं चालू ठेवा, वर्षातून एकदा इको करा. दाताचं काही काम काढलं तर झडपेचं आधी सांगा."

अप्पांनी दुकानात दोन्ही रिपोर्ट वार्निशच्या डब्यामागे अडकवून ठेवलेत. गिऱ्हाइकांना दाखवतात, समजावतात. बहुतेकांना बासष्टचाच चांगला वाटतो.

गेल्या खेपेला मी सोमवारी घरी होते. आई म्हणाली, "चल बाजारात, मिरच्या बघू." बाजार नेहमीसारखा, पाय ठेवायला जागा नाही. बैलांच्या बाजूला धूळ, भाजीच्या बाजूला ओरडा. ती पुढे, मी पिशव्या घेऊन मागे. मी तिचा श्वास ऐकत होते, ती सवय आता जाणार नाही. श्वास नीट होता.

मिरच्या झाल्या, लसूण झाला. परत येताना एका बंद दुकानाच्या पायरीशी ती थांबली, पदराने कपाळ पुसलं आणि खाली बसली.

"काय झालं?" मी पिशव्या टाकून विचारलं.

"काय नाय," ती म्हणाली. "दमले."

तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. ऊन होतं, दीड तास फिरलो होतो, मीही दमले होते. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले.